काळी वायर जखमेवर

डॉक्टर सरोजिनी केणी यांनी माझा पाय जाळला नाही.

आमच्या वाडीत कोणालाही विचारा, उलटेच सांगतील. माझ्या उजव्या नडगीवर तळहाताएवढा चकचकीत, केस नसलेला व्रण आहे आणि त्याच्या मधोमध एक काळपट डाग आहे. त्या डागाकडे बोट दाखवून पोरांना सांगतात की पूर्वी मालवणात एक डॉक्टरीणबाई होती, बाळंतपणे करायची, तिने आबांच्या पायाला बॅटरी लावली आणि मांस जाळले. पाय वाचला तो देवाच्या कृपेने. ही गोष्ट माझ्याच ओटीवर, माझ्यासमोर कितीदा सांगून झाली. मी चहा पीत ऐकत बसलो.

गेल्या गणपतीनंतर माझी पुतणी सुलू तळपायाची जखम घेऊन गोव्याच्या एका दवाखान्यात गेली. तिला साखरेचा आजार आहे, जखम काही केल्या भरत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी औषधे दिली, साखर ताब्यात आणायला सांगितले आणि सोबत जखमेला अगदी सौम्य वीज देऊन पाहू म्हणाले. सुलू चपला घालून उठली. "आमच्या काकाक तसाच जाळलेला. माका नको," असे त्यांना सांगून ती घरी आली आणि ते मला मोठ्या तोऱ्यात ऐकवले.

मी गप्प बसलो त्याची किंमत इतकी वर्षे दुसऱ्या कोणी मोजली. आता ती माझ्याच घरातली पोर मोजणार, आणि तीही पायाने. म्हणून हे लिहितो आहे. कोणाला राग आला तर येऊ दे. रागावण्यासारखी माणसे आता फार उरलीही नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला डॉक्टरकी येत नाही. हे वाचून कोणी घरात टॉर्चचे सेल पायाला बांधू नयेत. मी तुम्हाला उपाय सांगत नाही, घडले ते सांगतो.

पाकट

गोवा मोकळा झाला त्या हिवाळ्यात मला पाकट लागली. आमचे गाव तारकर्लीच्या बाजूचे, दारात समुद्र. पण मी मासेमारी करणारा नव्हतो. माझे काम माडावर चढण्याचे. आमचे स्वतःचे माड थोडे. गावातल्या इतरांचे नारळ पाडून द्यायचो. सातवीच्या फायनलपर्यंत शिकलो होतो, पण पुस्तकापेक्षा माड बरा वाटे. वरून समुद्र दिसतो, आणि वर कोणी बोलायला येत नाही.

रापण ओढायला मात्र सगळेच जात. किनाऱ्यावरून लांब दोर ओढून जाळे वाळूवर आणायचे, जो दोराला हात लावील त्याला वाटा. त्या दिवशी जाळे जवळ आल्यावर मी गुडघाभर पाण्यात उतरलो. जाळ्यात एक मोठी पाकट होती, सुपासारखा चपटा मासा. तिच्या शेपटीला काटा असतो, दोन्ही कडांनी करवतीसारखा. तिने शेपटी मारली आणि काटा नडगीत शिरून बाहेर निघाला. मी उभ्या उभ्या समुद्रातच ओकलो.

गरम पाण्यात पाय ठेवला तेव्हा ठणका उतरला. सगळे म्हणाले, आठवड्यात चालायला लागशील. पण काट्याचे विष मांसात राहिले असावे. भोवतालचे मांस मेले, गळून पडले, आणि जो खड्डा राहिला तो भरेना. सरकारी दवाखान्यात सुया घेतल्या. हळद, चुना, कसकसले पाले, सगळे झाले. पौष गेला, माघ गेला, खड्डा तसाच.

भरत नसलेली जखम रोजच्या रोज ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. सकाळी पट्टी सोडताना आज तरी काही वेगळे दिसेल असे वाटते आणि काल होते तेच दिसते. त्याहून वाईट वास. आई खाटेशेजारी धूप जाळायची आणि मला वाटू नये म्हणून म्हणायची की डास फार झालेत. शेजारीपाजारी विचारपूस करायला यायचे आणि ओटीच्या पायरीवरूनच परत जायचे. त्यांना मी दोष देत नाही. मलाही उठून जाता आले असते तर मी गेलो असतो.

निकाल

शिमगा झाल्यावर दादा, माझा थोरला भाऊ, मला एस.टी.ने घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. सकाळी सिस्टरची ढकलगाडी वॉर्डाच्या त्या टोकाला कुरकुरायला लागली की आमच्या बाजूच्या सगळ्यांचे जबडे आवळले जायचे. पट्टी चिकटलेली असे. ती ओढली की माणूस कोणत्या गावचा आहे ते त्याच्या शिव्यांवरून कळे.

तिथले सर्जन सरळ माणूस होते. पाय नीट पाहून, दाबून, वास घेऊन त्यांनी सांगितले की ही जखम आता भरण्यातली नाही, पू वर सरकला तर जीव जाईल, गुडघ्याखालून काढू.

मी विचारले, "साहेब, एका पायाने माड चढता येतो?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "जिवंत माणसाला दुसरं काम मिळतं."

त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. त्यांच्यासमोर रोज माणसे मरत होती. माझ्या शेजारच्या खाटेवर काजूच्या बागेत काम करणारा एक मनुष्य होता, त्याचा पाय नुकताच काढला होता. तो मला म्हणाला, कापून घे, सुटशील. आणि हे बोलता बोलता त्याचा हात चादरीवर, जिथे त्याच्या पायाचा अंगठा असायला हवा होता तिथे, खाजवत होता. खाजवून समाधान होईना म्हणून तो चादर चिमटीत धरून ओढत होता. त्या हाताकडे बघत बघत माझे ठरले.

मी जबाबदारीची सही करून बाहेर पडलो. फाटकापाशी दादा थांबला.

"मरतलंस मेल्या," तो म्हणाला.

"मरतलंय तर दोनय पायांवर मरतलंय."

बोललो खरा, पण घाट उतरताना त्याच्याच खांद्यावर डोके ठेवून रडलो. दादाने खिडकीबाहेर बघत हात तेवढा माझ्या मानेवर ठेवला. हिंमतवाल्याला भीती वाटत नाही असे जो सांगतो त्याने आयुष्यात कशाला नाही म्हटलेले नसते.

बाळंतिणींच्या बाकावर

डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणून वहिनीने सांगितले. माघात तिची सुलू बाईंच्याच हातावर झाली होती. आडवे मूल होते, दोघीही वाचल्या. बाळंतपण करणारी बाई पायाला काय करणार, दादाने विचारले. वहिनी म्हणाली की इतर सगळ्यांनी काय केले ते दिसतेच आहे.

मालवणात बाईंचा दवाखाना होता, पुढे लांब पडवी, पडवीत बाक. पोट पुढे आलेल्या बायकांच्या रांगेत मी पाय लांब करून बसलो. रापणीवरचा एक ओळखीचा गडी रस्त्याने जाताना थबकला.

"काय रे जगल्या, झिल झालो काय चेडू झाला?"

"दोन पाय होतले," मी म्हटले. "बारश्याक ये."

बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या सगळ्या महिन्यांत मी दुसऱ्यांना हसवले ते तेवढेच.

बाई चाळिशीच्या पुढच्या, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी भिंग घेऊन जखमेच्या कडा बराच वेळ पाहिल्या. मग सांगितले की खड्डा खालून भरतो आहे, पण वरून कातडी यायला हवी ती येत नाही. कातडी कडेवरून चालत आत येते. तुमच्या कडा बसून राहिल्या आहेत.

कातडी चालते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसवले. काचेवर तळीतल्या पाण्याचा थेंब होता आणि त्यात चपलेच्या तळव्याच्या आकाराचे बारीक जीव वाटेल तसे सैरावैरा पोहत होते. बाईंनी टॉर्चच्या सेलला जोडलेल्या दोन बारीक तारा थेंबाच्या दोन बाजूंना टेकवल्या. सगळे जीव वळले. एकजात सगळे, आणि एका तारेकडे निघाले. त्यांनी तारांची अदलाबदल केली. सगळा थवा जागच्या जागी फिरला आणि उलट निघाला.

मी डोके वर केले. "ह्यांना डोळे आहेत?"

"नाहीत. पण वीज कळते."

"माझ्या कातडीला कळते?"

"कळते असं मी वाचलं आहे," बाई म्हणाल्या. "जखम झाली की तिथे अगदी थोडी वीज आपोआप वाहते. ती बाहेरच्या कातडीला वाट दाखवते असं काहींचं म्हणणं आहे. तुमची वाट पुसली गेली असेल. आपण ती वरून थोडी दाखवून बघू. माणसावर मी हे कधी केलेलं नाही. लागू पडेल असं मी सांगणार नाही."

तोवर मला भेटलेल्या सगळ्यांना सगळे ठाऊक होते. पाले देणाऱ्याला ठाऊक होते, अंगारा देणाऱ्याला ठाऊक होते, सर्जनसाहेबांनाही ठाऊक होते. मला ठाऊक नाही असे म्हणणारे हे पहिले माणूस. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तेवढ्यासाठी.

त्यांनी एक अट घातली. तांबडी रेघ पायावरून वर चढू लागली किंवा ताप उतरेना, तर त्याच पावली घाटावर जायचे आणि पाय कापू द्यायचा. तेव्हा हट्ट चालणार नाही. मी कबूल केले.

उपचारात दिसायला काही नव्हते. आधी जखम धुणे, मेलेले कापून काढणे, आणि हेच सर्वांत जास्त वेळ चाले. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी, तिच्यावर चहाच्या पेटीतल्या चंदेरी पत्र्याचा तुकडा, आणि त्याला काळी वायर. दुसरा तसाच तुकडा मांडीवर, त्याला तांबडी. दोन्ही वायरी एका लाकडी डबीत जात, आत टॉर्चचे सेल आणि वीज अगदी मंद करणारा काहीतरी तुकडा होता.

"काळी जखमेवर, तांबडी मांडीवर," बाई दर वेळी म्हणायच्या. "तुम्हाला काही कळणार नाही. चटका बसला तर त्याच क्षणी सांगायचं. गप्प बसायचं नाही."

मांडीवरचा तुकडा त्या अधूनमधून बदलत. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी तो उजेडापुढे धरला. पत्र्याला बारीक भोके पडली होती. तांबड्या बाजूचा पत्रा विजेने खाल्ला जातो, काळ्या बाजूचा टिकतो, त्या म्हणाल्या. मला मौज वाटली आणि ते लक्षात राहिले. पुढे वाटले, लक्षात राहिले नसते तर बरे झाले असते.

वैशाखात एका सकाळी पट्टी सुटली आणि मला जखमेच्या कडेला गुलाबी काठ दिसला. भरती चढताना वाळूवर पहिली ओल येते ना, तेवढाच. बाईंनाही दिसला. दोघेही बघत राहिलो.

उजवा कौल

पावसात आमच्या गावची वाट चिखलात जाते. बैलगाडी रोज मालवणला नेणे शक्य नव्हते, म्हणून बाईंनी डबी घरी दिली आणि आईला सगळे शिकवले.

आई म्हणजे वडील गेल्यावर आम्हाला एकटीने वाढवलेली बाई. मला धुणारी, भरवणारी, पट्टी बांधणारी तीच. वहिनीच्या कडेवर तान्ही सुलू, तिला ह्या जखमेच्या जवळ फिरकू द्यायचे नाही असा आईचाच नियम होता. दादा आंब्याच्या कलमांच्या मोसमात देवगडला गेला होता तो अजून तिकडेच होता. घरात जखमेला हात लावणारे हात दोनच.

आई सगळे काटेकोर करी. फक्त एक गोष्ट तिला सलत होती, ती मला नंतर कळली. काळे. उघड्या मांसावर, आपल्या पोराच्या, स्वतःच्या हाताने रोज काळे ठेवायचे. तांबडे, कुंकवाचा रंग, ते मात्र वर मांडीवर आणि काही काम नसल्यासारखे.

एका संध्याकाळी मला दिसले की तांबडी वायर जखमेवर आहे. मी म्हटले, आये, उलटे झाले. ती म्हणाली, उलटे नाही. ती देवळात जाऊन आली होती. आमच्याकडे काही ठरवायचे असले की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, मागणे सांगतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्ने त्यावर ठरतात, होड्या त्यावर समुद्रात जातात. आईने विचारले होते, तांबडी जखमेवर ठेवू का? त्या गुरवाने जन्मात वायर पाहिली नव्हती, पण मागणे त्याने जसेच्या तसे घातले. कळी पडली उजवी, आणि ताबडतोब.

"देवान उजवो दिल्यान, जगू," आई म्हणाली. "उजव्याक नाय म्हणू नये."

आता माझे ऐका. मी सर्जनला नाही म्हणून आलेला मनुष्य. भावाला नाही म्हटलेला. सगळ्या वाडीला नाही म्हणत सहा-आठ महिने पडलेला. आणि आईपुढे, उजव्या कौलापुढे, माझी जीभ उचलली नाही. मी सूक्ष्मदर्शकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते की तारा बदलल्या की सगळा थवा उलट फिरतो. तरी मी पाय पुढे केला.

आणि चटका बसला. पहिल्याच दिवशी. आधी मुंग्या, मग आग. बाईंचे शब्द मला आठवत होते. मी पंचा दातात धरला आणि स्वतःला सांगितले की जास्त लागते आहे म्हणजे जास्त काम करत असेल. आई शेजारी बसून माझ्या कपाळावरचा घाम पुसत होती. मी बोललो असतो तर ती त्याच क्षणी थांबली असती. मी बोललो नाही. त्या दिवशीही नाही, पुढच्या दिवशीही नाही.

आठवड्याच्या आत गुलाबी काठ गेला, मधले मांस काळे पडले आणि ताप भरला.

दृष्ट

दादा आला, त्याने पाय पाहिला आणि कोणाला काही न विचारता मालवणला गेला. बाईंच्या पडवीत, बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर, त्याने त्यांना मारेकरीण म्हटले. बाजारात ही बातमी त्याच्या आधी पोचली.

दुसऱ्या दिवशी भर पावसात बैलगाडी करून बाई आमच्या दारात. दादा पायरीवर आडवा उभा राहिला. आई आतून म्हणाली, "येवंदे तिका. पावसातसून इली हा."

बाईंनी पट्ट्या सोडल्या. पाय दाबून पाहिला, रेघ वर चढली नव्हती. मग त्यांनी दोन्ही पत्रे हातात घेतले आणि दाराच्या उजेडात धरले. मांडीवरचा चकाकत होता. जखमेवरच्याची चाळण झाली होती.

त्यांना कळले. मला कळले की त्यांना कळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी आढ्याकडे. मग त्यांनी आईकडे पाहिले. आई भिंतीशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली.

बाईंनी पत्रे खाली ठेवले. मग त्यांनी आईला जवळ बसवले.

"आई, तान्ह्या मुलीला काजळाची तीट का लावता?"

आई गोंधळली. "दिष्ट लागा नये म्हणान."

"ही जखम तान्हीच आहे. आताच कुठे मांस धरते आहे. तिला काळं नको?"

आईने त्यांच्याकडे पाहिले, मग जखमेकडे. पदराखालून हात बाहेर आले. बाईंनी काळी वायर तिच्या हातात दिली आणि तिने स्वतःच ती जखमेवर बांधली, दृष्ट काढतात तशी ओठांत काहीतरी पुटपुटत. विज्ञान म्हणून त्या बोलण्याला काही अर्थ नव्हता. पण त्या दिवसानंतर आईने वायर कधी चुकवली नाही.

बाहेर ओटीवर दादाने विचारले, काय झाले? भिंत पातळ होती. मी आतून ऐकले.

"डबीची ताकद जास्त झाली," बाई म्हणाल्या. "माझी चूक."

दादाचे पुढचे बोलणे मी लिहीत नाही. तो मला जपणारा भाऊ होता आणि आता नाही. मी खाटेवर पडून ते सगळे ऐकले. एक हाक मारली असती तर पुरे होते.

माड

सुयांनी ताप उतरला. काळे पडलेले मांस सुटून आले, कडा पुन्हा चालू लागल्या. दसऱ्याच्या सुमारास शेवटचे भोक बुजले. वर आलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती, तिच्याकडे नुसते बघायलाही भीती वाटे.

पाय विजेने बरा झाला की रोज नीट धुतला गेल्याने, मला ठाऊक नाही. बाईंनाही ठाऊक नव्हते, आणि तसे त्या म्हणाल्या. पण एक बाजू लावली तेव्हा काठ आत आला आणि दुसरी लावली तेव्हा मांस जळाले, हे माझ्याच पायावर घडले. ते कोणी मला शिकवू नये.

दिवाळीनंतर मी पहिला माड चढलो. आईने खाली उभे राहून सगळा वेळ मला शिव्या दिल्या. शहाळी उतरवली आणि डोक्यावर घेऊन मालवणला चालत गेलो. बाईंच्या पडवीतला बाक रिकामा होता. माणसाला जाळणाऱ्या बाईकडे कोण पोटुशी बाई जाणार.

मी विचारले, तुम्ही असे का सांगितलेत?

बाई शहाळे हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या घरात जखम धुणारे हात दोनच होते. त्यांना भीती बसली असती तर तुमचा पाय गेला असता." आणि मग, "आई आहेत तोवर बोलू नका. नंतर बोला. मला घाई नाही."

पुढच्या वर्षी त्या घाटावर कुठेतरी निघून गेल्या. बाकावर कोणी बसत नव्हते.

आईला काय कळले होते? सगळे, असे मला वाटते. त्या वर्षापासून देवळातल्या वार्षिक पूजेला ती गुरवाला एक जास्तीचा नारळ देई आणि सगळ्या गावासमोर गाऱ्हाणे घालायला लावी, ती डॉक्टरीणबाय जय खंय आसात थंय तिका सुखी ठेव रे म्हाराजा. लोक एकमेकांकडे बघत, पण गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणावेच लागते, म्हणून म्हणत. तिच्या पोराला जाळणारीसाठी ही नारळ देते, म्हातारी भ्रमली, असे बोलत. आई मरेपर्यंत देत राहिली. तिने तिची चूक जिथे झाली तिथे जाऊन फेडली.

मी आईचे नाव सांगून गप्प राहिलो. आई गेल्यावर दादाचे नाव सांगून. दादाला गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. बाई तर कधीच गेल्या असतील, मी शोध घेतला नाही. माझा पाय त्यांनी वाचवला, त्यांचे नाव वाचवायचे काम माझे होते. ते मी केले नाही. क्षमा मागायला कोणी उरलेले नाही, तेव्हा मागत नाही. खरे काय ते सांगतो आणि यापुढे माझ्या ओटीवर ती गोष्ट कोणी सांगितली तर त्याला पायरी उतरून जायला सांगीन. पायरीवरून परत जाणारी माणसे बघायची ह्या घराला सवय आहे.

सुलू

सुलूला हे सगळे सांगितले तेव्हा ती वाटी पुढ्यात घेऊन नाचणीची पेज खात होती. ती खायची थांबली.

"तुझी नाळ त्याच बायेन कापल्यान," मी म्हटले.

"मगे इतकी वर्सां तुमी काय करी होतात, काकानू?"

"गप बसलेलंय."

तिने पेज संपवली, वाटी धुतली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, जाऊया, पण तुम्ही सोबत यायचे. ह्या वयात मला गोव्यापर्यंत गाडीत बसवत नाही. गेलो.

यंत्र लहान, पांढरे, वर आकडे दिसणारे. नर्स मुलगी सुलूच्या नातीच्या वयाची. तिने जखम धुतली, ओली पट्टी ठेवली आणि वायरी बाहेर काढल्या. सुलू पुढे वाकली. दोन्ही वायरी करड्या होत्या.

"काळी खंयची?" सुलूने मला विचारले.

मी म्हटले, मला विचारू नको, तिला विचार. आईने देवाला विचारले, मी कोणालाच विचारले नाही. डॉक्टरांना विचारायला हवे होते. सुलूने विचारले. नर्सने न वैतागता वायरीच्या टोकाची खूण दाखवली आणि कोणती कुठे व का ते सांगितले. पुढे कधी गरज पडली तर बाजू बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, असेही म्हणाली. मग बटण दाबले.

सुलू डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळाने एक डोळा उघडला.

"काय एक कळणा नाय."

"कळूचा नाय. चटको बसता काय?"

"नाय."

"बसलो तर तेच घडयेक सांग," मी म्हटले. "गप रवू नको."